तिसऱ्या जागेवरचं तोंड

घाटकोपरच्या आमच्या भजनी मंडळात गाणारे दहा होते आणि तोंडं करणारे एक. तसं पाहिलं तर गाताना तोंडं सगळेच करतात. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो, त्यामुळे सुई टोचली की माणसाच्या चेहऱ्याचं काय होतं ते मला रोज दिसतं. वरचा सा लावताना गायकाचं नेमकं तेच होतं. फक्त माझ्याकडे त्याबद्दल कापसाचा बोळा मिळतो आणि तिकडे टाळ्या.

पण काकांची गोष्ट वेगळी होती. मंडळात त्यांना सगळेच काका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. चेहरा तसा साधा. लांबट, गाल आत गेलेले, वरच्या दातांची कवळी. भुवया मात्र अशा की त्यांच्या नावाने वेगळं रेशनकार्ड काढावं. बुवा पेटी घेऊन पुढे बसत, आणि त्यांच्या मागे आम्ही कोरसवाले टाळ घेऊन. पहिल्या रांगेतली तिसरी जागा काकांची, दुसरी माझी. ही तिसरी जागा बुवांच्या उजव्या खांद्याच्या बरोबर वर दिसायची. त्यामुळे व्हायचं असं, की बुवा गायचे आणि लोक काकांकडे बघायचे. बुवांनी काही अवघड केलं की ते चांगलं झालं की फसलं, हे लोकांना थोडंच कळतं? ते काकांच्या भुवया बघून 'वा' म्हणायचे. बुवांना वाटायचं, आपलं जमतंय.

भजनाच्या दिवशी काका दोनदा दाढी करत. मग पखवाजवाला डाव्या पुडीला लावायची कणीक मळायला बसला, की त्याच्या शेजारी बसून काका खोबरेल तेलाने गाल मळत. कोणी हसलं तर म्हणत, "तुझा वाजता तां चामडा, माझा काय ताडपत्री आसा?"

नोकरी त्यांनी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात केली, सरकारी. होते कँटीनमध्ये, पण काय करता असं विचारलं की आवाज खाली आणून म्हणत, "सांगूक बंदी असा." उसळीत खोबरं किती घालतात हेही त्यांनी निवृत्तीपर्यंत कोणाला सांगितलं नाही. गुप्तता पाळायची अशी सवय असलेला माणूस. तिचा उपयोग पुढे कळेल.

गाण्याचे कार्यक्रम ते मोबाईलवर आवाज बंद करून बघत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, फोन बिघडलाय. आवाज वाढवायला गेलो तर हातावर फटका बसला. "कान फसतत. तू तोंड बघ." मग त्यांनी मला सगळी तोंडं नावानिशी दाखवली. सतारवाला म्हणजे डोळ्यांत साबण गेलेला. पेटीवाला म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई, कारण नसताना सगळ्यांकडे बघून हसणार. तबलजी समेच्या आधी 'चावी' करतो, म्हणजे दाराशी उभं राहून खिसे चाचपणाऱ्या माणसासारखा. समेवर चावी सापडते आणि दार उघडतं. आणि सूर हुकला की ऐकणाऱ्याचं जे होतं ती 'दाढ'. दाढेत दुखावं तसं एका बाजूने आक्रसलेलं तोंड. माझा विश्वास बसेना. मी एक व्हिडिओ निवडला, त्यांच्या एकाही कानात नाही पण माझ्या दोन्ही कानांत इयरफोन घातले आणि म्हटलं, सम कुठे येते ते सांगा. बारापैकी अकरा वेळा त्यांनी बोट बरोबर उचललं. बाराव्या वेळी तबलजीच चुकला होता.

ही कला फक्त गाण्यापुरती राहिली असती तर बरं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पाण्याच्या टाकीविषयी बोलायला उठले, आणि समोर काकांची दाढ बघून मधेच "म्हणजे तसं काही ठरलेलं नाही" म्हणत खाली बसले. एकदा काका साखर तपासायला माझ्या लॅबमध्ये आले. मी सुई टोचली तर चेहऱ्यावर काही नाही. पण मागे रक्त फिरवायचं मशीन सुरू होतं, त्याच्याकडे बघून दाढ. "तुझा ह्या मशीन बेसूर झालाहा. दाखवून घे." मी हसून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात मशीनचं बेअरिंग गेलं आणि साहेबांनी मला दोन दिवस शिव्या घातल्या.

घरी मात्र यातलं काही नाही. काकू सांगायच्या, "सगळा तोंड थंय मंडळात खर्च करून येतत. घराक येतत तेवा कोरी पाटी. भाजयेत मीठ जास्त पडला तरी माका कळणा नाय." काकू कधी भजनाला येत नसत. जो चेहरा घरी बघायला मिळत नाही तो लोकांच्यात बसून कशाला बघायचा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आता ती गुप्त गोष्ट. एका रविवारी सकाळी तालमीला वेळेवर आलेलो फक्त मी आणि काका. तेव्हाचे जुने बुवा वेळेचे पक्के, म्हणाले, चला, दोघांचा कोरस तर दोघांचा. त्यांनी ओळ म्हटली, आम्ही मागून घेतली. तिसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की तोंडं दोन हलतायत आणि आवाज एकच येतोय, आणि तो माझा आहे. मी मुद्दाम थांबलो. कोरस थांबला. काकांचं तोंड मात्र चालूच होतं, डोळे मिटलेले, भुवया वर. मी घाईघाईने पुन्हा सुरू केलं. शेवटी बुवांनी पेटीवरचा हात उचलला आणि भरून येऊन म्हणाले, "याला म्हणतात मिळणं! दोघं गातायत आणि एकच वाटतो!"

खाली टपरीवर चहा घेताना मी विचारलं. काकांनी आधी आजूबाजूला बघितलं, ट्रॉम्बेच्या सवयीने.

"बापूस माझो गावात बुवा होतो. मी आठ वर्सांचो. पयल्यांदा कोरसात बसलंय आणि आवाज लावलंय. बापूस गाना थांबवून म्हणालो, तू नुसता तोंड हलव, आवाज काढू नको. तेवापासून काढूक नाय."

"कधीच नाही? अंघोळ करताना पण?"

"नाय."

"मग मंडळात कशाला येता यार काका? समोर बसून ऐका ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कपातच तोंड घातलं. "ऐकूक जगभर मानसा आसत," ते म्हणाले. "माका गाणाऱ्यांत बसूचा असा. कोणाक सांगू नको. माझी जागा जातली."

मी नाही सांगितलं. तसंही आमच्या मंडळात जे गात होते त्यांच्यातल्या निम्म्यांनी तोंड नुसतं हलवलं असतं तर देवाला बरंच वाटलं असतं.

त्या तोंडाची किंमत कळली ती मास्कच्या वर्षी. गणपतीत सोसायटीच्या गच्चीवर सकाळचं भजन, मोजकी माणसं, बुवा सोडून सगळ्यांची तोंडं झाकलेली. बुवा नेहमीसारखे गायले आणि लोक आरती चुकल्यासारखे बसून राहिले. नंतर चर्चा अशी, की बुवांचा आवाज बसला. बुवांनी बिचाऱ्यांनी महिनाभर ज्येष्ठमध चघळलं. मला खरं कारण माहीत होतं, पण सांगणार कसं?

एकच अडचण होती. काकांचं तोंड पक्ष मानत नव्हतं. आमच्याकडे डबलबारी असते, म्हणजे दोन मंडळं आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांना टोमणे मारतात. समोरचा गात असताना आपण दगडासारखं बसायचं असतं. भांडुपच्या एका बुवाने गौळण अशी काही घेतली की समेवर आमच्या काकांची चावी सापडली आणि चेहरा उजळला. तो बुवा कसला सोडतो! माईकवरूनच म्हणाला, "बघा मंडळी, यांच्या घरातलीच माणसं फुटली!" हॉल खो खो हसला. जुने बुवा बाहेर येऊन काकांवर बरसले. काका म्हणाले, "मी खंय काय केलंय? तां आपणच होता."

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून जुने बुवा निवृत्त झाले आणि नवे आले. वयाने माझ्याहून लहान, पवईला कॉम्प्युटरवर काम, संगीताच्या परीक्षा दिलेले, गळा खरोखर तयार. पण घाई फार. अभंग सुरू झाला की बुवांना कुठली तरी रिक्षा पकडायची आहे असं वाटे. त्यांनी मंडळाचं यूट्यूब चॅनल काढायचं ठरवलं आणि रेकॉर्डिंगला प्रत्येकाला वेगळा माईक दिला.

पहिली ओळ झाली आणि साऊंडवाल्याने हात वर केला. "दादा, तीन नंबर डेड है."

माईक बदलला. तीन नंबर डेडच. वायर बदलली. पुन्हा डेड. मग कोणीतरी शोध लावला की काकांचा नायलॉनचा झब्बा करंट खातोय. झब्बा काढायला लावला. काका बनियनवर बसले, हातात टाळ, चेहऱ्यावर भक्तिभाव. तरी डेड. साऊंडवाल्याला सगळ्यांनी मिळून झापलं, भंगार सामान घेऊन येतोस म्हणून. त्याने वैतागून हेडफोन बुवांच्या कानावर चढवला. "खुद सुनो. अब सिर्फ तीन नंबर आ रहा है."

आम्ही ओळ म्हटली. बुवा ऐकत होते. त्यांनी ऐकला तो कवळीचा टकटक आवाज आणि प्रत्येक ओळीआधी घेतलेला श्वास. बाकी काही नाही. हेडफोन काढून ते काकांपाशी येऊन बसले.

"काका, किती वर्षं?"

"एकतीस."

"एकतीस वर्षं तुम्ही गायलाच नाहीत?"

"तोंड हलवलंय मां."

बुवा माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारी बसता. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. सरळ, पटकन.

आणि काकांनी दाढ केली. मुद्दाम नाही, त्यांच्या हातात नव्हतंच ते. मी बेसूर बोललो होतो. बुवांनी ती दाढ बघितली नाही, मी बघितली, आणि इतकी लाज मला बायकोसमोर खोटं पकडलं गेल्यावरही वाटलेली नाही.

बुवा वाईट माणूस नव्हते. ते सौम्यपणे म्हणाले, "काका, पुढच्या वेळेपासून तुम्ही खाली बसा. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी." आमच्यात गाणारे सतरंजीवर बसतात. खुर्ची ही पाहुण्यांना आणि गुडघेवाल्यांना. काका "बरां" म्हणाले आणि झब्बा घातला. चेहऱ्यावर काही नव्हतं. काकू ज्याला कोरी पाटी म्हणायच्या ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

पुढचा सामना मुलुंडला, एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. समोर दहिसरचं मंडळ. मला वाटलं होतं काका येणार नाहीत. आले. मंडळाचा झब्बा, मंडळाचं उपरणं, गाल तेलाने चकचकीत, आणि बसले खुर्चीवर, आमच्या बुवांच्या बरोबर समोर, पाच-सहा हातांवर.

बुवांनी नेहमीच्या वेगाने सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज जरासा अडखळला. मी मागून वाकून बघितलं. खुर्चीत दाढ होती. मंडळात आल्यापासून गाताना बुवांनी ते तोंड कधी पाहिलं नव्हतं, कारण ते कायम त्यांच्या पाठीमागे होतं. त्यांनी नजर छताकडे नेली. पंखा बघितला. घड्याळ बघितलं. पण समोर दाढ दुखणारा माणूस असला की डोळे फिरून तिथेच जातात. शेवटी बुवांनी वेग कमी केला. दाढ सैल झाली. अजून कमी केला. काकांच्या भुवया वर सरकल्या, चावी शोधायला लागल्या. या खिशात, त्या खिशात. बुवांनी ताणून धरलं, समेपाशी आणून पुन्हा मागे नेलं, आम्ही टाळ हातात धरून श्वास रोखलेला, पखवाजवाला "अरे, येतोयस की नाही" असं पुटपुटतोय, आणि मग बुवा अलगद समेवर उतरले. खुर्चीत दार उघडलं. हॉल उठून उभा राहिला. त्या माणसाच्या गळ्यात हे होतं आणि इतके दिवस तो रिक्षा पकडत होता.

गंमत पुढेच. दहिसरचे बुवा हे सगळं बघत होते. त्यांची पाळी आली तर तेसुद्धा टोमणे बिमणे विसरून खुर्चीकडे बघून गायला लागले. दोन तास दोन मंडळं एका निवृत्त कँटीनवाल्याला खूश करायच्या मागे. आयोजक वैतागले, भांडण बघायला आलेली माणसं चिडतील म्हणून. जिंकलं कोण, ते विचारू नका. दोन्ही मंडळं आपणच जिंकलो असं सांगतात.

बुवा मंचावरून उतरून थेट काकांपाशी आले. "काका, तुम्हाला काय हवं ते सांगा."

"तिसरी जागा."

बुवा घुटमळले. "द्यायचीय मला. पण मंडळात बसणाऱ्याने गायला हवं हो. एक ओळ तरी. मी शिकवतो, एक ओळ कोणालाही जमते."

काकांनी उपरण्याची घडी घातली. घाटकोपरला गाडीतून उतरताना म्हणाले, "येत्या रविवारी माझ्याकडे सत्यनारायण असा. सकाळी येवा सगळी."

गेलो. छोटी खोली, केळीचे खांब, स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास. काकांनी दोनदा दाढी केलेली होती. पूजा झाली, आम्ही गोल करून बसलो, बुवांनी ओळ दिली आणि पेटी धरली. काकांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, देवा, बरं होऊ दे रे, निदान वाईट नको. आणि त्यांनी आठव्या वर्षानंतर पहिल्यांदा आवाज लावला.

काय सांगू. लोखंडी कपाट लादीवरून सरकवताना येतो तसा आवाज. आणि तो कुठल्याही सुरात नव्हता, मधल्या फटीत होता. बापूस चुकला नव्हता.

आम्ही दहाच्या दहा जणांनी ठरवल्यासारखी वाहवाची तोंडं केली. पखवाजवाल्याने मान डोलावली. मी भुवया वर नेल्या. बुवांनी तर डोळे मिटून 'क्या बात' केलं. काकांची जागा जाऊ नये एवढंच प्रत्येकाला वाटत होतं.

ओळ अर्ध्यात तोडून काकांनी डोळे उघडले. एकेकाचं तोंड बघितलं. सावकाश, सगळ्यांचं, मोबाईलवर आवाज बंद करून बघायचे तसं.

"खोटी तोंडां करू नकात रे," ते म्हणाले.

बुवांचा हात पेटीवर तसाच. तेवढ्यात काकांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. मी वळलो. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, हातात शिऱ्याचा कालथा, आणि तोंडावर दाढ. साधीसुधी नाही. डावा डोळा बंद, गाल वर, मान वाकडी. अक्कलदाढ.

काका इतके हसले की कवळी सुटली. ती हातात घेऊन, बोट काकूंकडे करून, बोळक्या तोंडाने म्हणाले, "ह्या बघा! ह्या खरा तोंड!"

"इतक्या वर्सांनी आवाज काढलात," काकू म्हणाल्या, "तो ह्यासाठी?" आणि मग त्याही हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, आणि काका त्यांच्याकडे असे बघत होते की पुढच्या सगळ्या भजनांचं तोंड त्यांनी तिथेच खर्च करून टाकलं.

शिरा खाता खाता बुवा म्हणाले, "काका, तिसरी जागा तुमची. गाऊ मात्र नका. आणि फिरून बसा, माझ्याकडे तोंड करून."

तेव्हापासून काका मंचावर लोकांकडे पाठ करून बसायचे. टाळ हातात, माईक नाही. लोक विचारायचे, हे पाठमोरे कोण? काकूही मग पहिल्या रांगेत येऊन बसायच्या. त्यांना नवऱ्याची फक्त पाठ दिसायची, पण त्या बुवांचं तोंड बघून काकांचं ओळखायच्या.

काका गेले त्याला आता दोन वर्षं होतील. मला त्यांची आठवण येते, विशेषतः खोटं बोलताना येते. त्यांच्यामागे पहिलं भजन आम्ही मुलुंडच्या त्याच हॉलमध्ये केलं. तिसऱ्या जागेवर टाळ ठेवले होते. समोर खुर्चीत काकू. आम्ही तसे बरे गायलो, सगळ्यांचे डोळे ओले होते, त्यामुळे वेगाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. संपल्यावर बुवांनी मला विचारलं, "कसं झालं हो?"

"झकास," मी म्हटलं.

बुवा समोर बघत होते. मीही बघितलं. काकूंनी दाढ केली होती.

"पहिल्यापासून घेऊ," बुवा म्हणाले. खुर्च्या आवरणारे थांबले, उठलेली माणसं परत बसली, आणि शाळेचा वॉचमन दारात चावी हातात घेऊन उभा असताना आम्ही पुन्हा टाळ उचलले, या वेळी सावकाश.